यंदा रस्सा नाही

आये, यंदा एक मेच्या दिवशी आम्ही गच्चीवर जेवण केलं. पिंपळे सौदागरला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. तू होतीस तेव्हा इथं नुसती शेतं होती, आता खाली बघितलं की डोकं गरगरतं. त्या दिवशी कंपन्यांना सुट्टी, पोरांची शाळा बंद, म्हणून मुलगा म्हणाला, आई, सगळ्यांना बोलावू, बाहेरच भाजू आणि बाहेरच खाऊ. चाकणला त्याच्या एका मित्राचं वर्कशॉप आहे. त्यानं तेलाचा ड्रम उभा कापून, खाली पाय लावून शेगडी करून दिली. शेगडी कसली, पाळणाच म्हण. धाकटा नातू त्यात बसूनच आला, ढुंगणापासून मानेपर्यंत काळा, सून ओरडतेय आणि हा दात काढतोय. मला हसून हसून ठसका लागला. असली द्वाड आहेत माझी नातवंडं, दृष्ट काढावी अशी. तू असतीस तर त्याला तसाच काळा मांडीवर घेतला असतास, आणि नातीला म्हणाली असतीस, बघती काय, जा पाणी आण. मला ठाऊक आहेस ना तू.

तर मेनू ठरवायचं माझ्याकडं आलं. नात अकरावीला आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच. ती म्हणाली, "आजी, सोप्पा ठेव, पण सणासारखा वाटला पाहिजे." मी विचारलं, "सोपा म्हणजे कुणाला सोपा?" ती खो खो हसली. सूनही हसली, पण ती जरा वेगळं हसली. मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "त्यात काय ठरवायचं? मामा येणार म्हणजे तुझ्या हातचा मटणाचा रस्सा आलाच. बाकी काय करायचं ते करा." मी म्हणाले, "यंदा रस्सा नाही." आता त्याची मान वर आली. "का गं? बरं वाटत नाही का?" "ठणठणीत आहे. रस्सा नाही."

का नाही ते त्याला सांगून कळलं नसतं, तुला कळेल. रस्सा म्हटला की पातेलं आलं, पातेलं आलं की पळी आली, आणि पळी आली की ती धरून बसणारी आली. कुणाच्या ताटात काय पडायचं ते तिनं ठरवायचं. संत तुकाराम नगरची आपली खोली आठवते का? रविवार आहे. आबा पहिल्या पाळीवरून आलेत, पाय धुतायत. मी पाट्यावर वाटण वाटतेय, नाकाडोळ्यांतून पाणी. तू सगळ्यात आधी कलेजी बाजूला काढतेस, हळद-मीठ-मिरी लावून तव्यावर परततेस. असा वास सुटतो की माझा हात वरवंट्यावरून आपोआप उचलला जातो. आणि तू पळीचा पाठीमागचा दांडा माझ्या बोटांच्या पेरांवर मारतेस. "पोरीच्या जातीला येवढी जीभ बरी न्हाई. त्याला रगत वाढाया पायजे." तो म्हणजे माझा धाकटा भाऊ, मांडी घालून बसलेला, सगळी कलेजी त्याच्यापुढं. मला नंतर रस्सा, बटाटा आणि एखादं चोखलेलं वाटावं असं हाडूक. रक्त माझं जात होतं दर महिन्याला, आणि वाढवायचं मात्र त्याचं!

चौथीनंतर शाळेचं तेच झालं. बाई घरी आल्या होत्या, पोरगी हुशार आहे म्हणाल्या. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "भाकऱ्या कोण थापणार मंग?" बाईंनी चहा अर्धा ठेवला. लग्न झाल्यावर पळी सासूकडं गेली, सासू गेली तेव्हा माझ्या हातात आली, तोवर सगळ्यांचं वाढून तळाला उरेल तेवढंच खायची सवय झाली होती. लोक म्हणतील, तुझ्या आईनं तरी कुठं खाल्लं? नसेल खाल्लं. पण तू खाल्लं नाहीस म्हणून मी का खायचं नाही, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

म्हणून मी असा मेनू ठरवला की पळी घरातच राहील. सगळं सळयांवर. कोंबडीला दही, आलं-लसूण, लाल तिखट, ते आदल्या दिवशी मुलाकडून लावून घेतलं. कोपरापर्यंत बरबटला आणि म्हणाला, आई, हे तू रोज करतेस? सुनेला मटण-कोंबडी चालत नाही, तिला पनीर आणि भोपळी मिरची. कणसं, कांदे, बारके बटाटे अख्खेच. पाव बेकरीतून. कैरीचं पन्हं नळाच्या मोठ्या जारमध्ये, ज्याला तहान त्यानं तोटी सोडावी. शेवटी कलिंगड. आणि एक सळई कलेजीची. ती कुणाची ते मी नातीच्या कानात सांगितलं.

भाऊ आला, गच्चीवर पाऊल टाकल्या टाकल्या म्हणतो कसा, "आक्का, रस्सा कुठाय? जिन्यात वास न्हाई आला."

"लिफ्टनं आलास, जिना कुठून आला?"

"चेष्टा नको. रस्सा न्हाई, मंग आमी आलो कशाला?"

"माझं तोंड बघायला."

खुर्ची ओढून तो बसला आणि बसल्या जागेवरून ताट पुढं केलं. जन्मभर केलं तसंच. नात घामानं निथळतेय, चिमटा हातात, म्हणाली, "मामाआजोबा, उठा. इथं ज्याचं त्यानं घ्यायचं." तो हसत हसत उठला, गुडघे धरून. वाईट नाही गं तो, उठ म्हटलं की उठतो. त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. शेगडीजवळ जाऊन वाकून बघतो, "ही कलेजी का? आण इकडं पोरी."

"ती आजीची आहे."

"आक्काची?" तो खरंच चकित झाला. "आक्काला कलेजी कुठं आवडती? लहानपणापास्नं कधी तोंडाला लावली न्हाई तिनं."

आये, हे त्याला तू सांगितलंस, की त्याचं त्यानंच ठरवलं? इतकी वर्षं तो हेच धरून बसलाय. त्यानं ठेवली नाही म्हणून नाही, तू दिली नाहीस म्हणूनही नाही, मला आवडतच नव्हती म्हणून. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "दे गं इकडं." आणि बसून, सगळ्यांच्या आधी, गरम गरम, पहिला तुकडा तोंडात घातला.

पिठूळ लागली. ओल्या खडूसारखी. आणि मागून लोखंडाची चव, तुझा जावई कंपनीतून आला की त्याच्या कपड्यांना जसा वास यायचा तसली. गिळवेना. भाऊ समोर उभा, "कशी हाय?" मी म्हणाले, "एक नंबर." त्याच्याकडं बघत बघत सगळे तुकडे संपवले, एकही पुढं केला नाही. तो बिचारा कणीस खात बसला.

नाही आवडली मला, आये. लहानपणी एक तुकडा दिला असतास तर तिथंच थुंकून टाकली असती आणि मोकळी झाले असते. एवढीशी गोष्ट होती. ती तू माझ्या गळ्यात जन्मभर लटकवलीस. नात म्हणतेय दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा शेगडी पेटवू, आजीला दोन सळया. मी हो म्हणून बसलेय. तिला सांगितलेलं नाही, आणि भावाला तर मरेपर्यंत सांगणार नाही, त्याचं खरं ठरेल. तुला सांगितलं, कारण तुझ्याकडून आता ते कुठं जाणार नाही.