वरच्या दोन खोल्या

१२ जानेवारी २०२५, रविवार
शेजारच्या पृथ्वीराजने डोक्यात किडा सोडला. जागांचे व्यवहार करतो, म्हणून ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, इंद्रजित सहा वर्षं तुमच्यात भाड्यानं राहतो. कागद आहे का? उद्या हलायला नाही म्हणाला तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल."

कागद नाही. शेवटचा अकरा महिन्यांचा करार माझी बायको राजेश्वरी असतानाचा. ती गेली, त्यानंतर मी ना करार नोंदवला, ना पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. असलं सगळं तीच बघायची.

१५ जानेवारी
सांगलीला वकिलाकडे जाऊन आलो. तो म्हणतो, नवा करार करा, ऑनलाइन नोंदवतात, अंगठे आणि फोटो, झालं. पृथ्वीराज म्हणतो, करार मागितला की ते सावध होतील, आधी खोल्या रिकाम्या करून घ्या.

कुणाचं ऐकायचं? विचारायला घरात माणूस नाही. वीरधवल पुण्यात. राजेश्वरीच्या वर्षश्राद्धाला आला तेव्हा म्हणाला, "घर विका आण्णा, माझ्याकडं चला." मी चारचौघांत ओरडलो — परत फोन करू नकोस! सव्वा वर्ष झालं, त्यानं केला नाही. माझाच मुलगा.

१९ जानेवारी
सांगून टाकलं.

इंद्रजित कारखान्यातून येऊन गाडी लावत होता. कारण काय द्यावं सुचेना. तोंडातून निघालं, "वीरधवल येतोय. कायमचा. वरच्या खोल्या लागतील."

त्यानं गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "बरं झालं की काका. कवा येत्यात दादा?"

"मार्चात."

"मग फेब्रुवारीच्या शेवटाला आमी हलतो."

हुज्जत नाही, मुदत मागितली नाही. मी चार दिवस उत्तरं पाठ करत होतो. एकही लागलं नाही.

२ फेब्रुवारी
आजही वरून भाजी आली. इंद्रजितच्या बायकोला, सोनियाला म्हटलं, आता राहू दे, तुमची आवराआवर असेल. ती म्हणाली, "आत्याबाईंनी सांगितलंय, काकांना ताजं द्यायचं." आत्याबाई म्हणजे इंद्रजितची आई, बयाबाई. वाटी घेतली. तशीच झाकून ठेवली.

११ फेब्रुवारी
दुकानात वाण्यानं विचारलं, वीरधवल कधी येतोय? म्हटलं, मार्चात. घरी येऊन त्याची जुनी कॉट पुसून ठेवली. का, ते माझं मलाच कळलं नाही.

२८ फेब्रुवारी
गेले.

मिरजेच्या बाजूला एकच खोली मिळाली त्यांना. चौघं माणसं, लहान पोरीसकट. डिपॉझिट परत दिलं, इंद्रजितनं न मोजता खिशात घातलं. वर जाऊन बघितलं तर बाहेरच्या खोलीला नवा रंग. सोनिया म्हणाली, "दादा येणार, भिंती बऱ्या नकोत का?"

बयाबाई टेम्पोत पुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, "आवं, दुपारचं जेवत जावा. चा-बिस्किटावर भागवू नगा. आमाला सगळं दिसतं वरनं."

टेम्पो वळेपर्यंत उभा होतो. मग दाराला कडी घातली. दुपारचे साडेतीनच वाजले होते.

३ मार्च
मोटर बंद करायला कुणी हाक मारली नाही. टाकी भरून वाहत राहिली.

१६ मार्च
जागा बघायला दोन गिऱ्हाइकं आली. पहिली चार सडी पोरं, त्यांना मीच नको म्हटलं. मग नवरा-बायको. माणसं चांगली. खोल्या आवडल्या. बाईनं विचारलं, खाली कोण असतं? म्हटलं, मी एकटाच.

उतरताना जिन्यात ती नवऱ्याला म्हणाली, "म्हातारा एकटा आहे. काही झालं तर धावपळ आपल्यालाच."

इतकी वर्षं भाडेकरू मी पारखत होतो.

२५ मार्च
ताप. चार दिवस अंथरुणात काढले. पेज करून घ्यायचीही ताकद नव्हती. आज दार वाजलं. पृथ्वीराज. जागा भाड्यानं गेली का, ते विचारायला आला होता.

५ एप्रिल
ठरवलं. उद्या मिरजेला जायचं. वकिलाकडून कराराचा मसुदा आणलाय. इंद्रजितला खरं सांगायचं आणि परत या म्हणायचं. नाही म्हणाला तर एवढंसं तोंड घेऊन परत यायचं. दुसरं काय?

६ एप्रिल, रविवार
खोली सापडली. सगळे घरात होते. बसायच्या आधीच बोललो, "वीरधवल येणार नव्हता. मी खोटं बोललो."

बयाबाई म्हणाल्या, "ठावं हाय. बसा."

मी इंद्रजितकडं बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "दादांचा फोन येतो, काका. दर रविवारी, दीड वर्ष झालं. तुमी जेवला का, गोळ्या घेता का, इचारत्यात. तुमी सांगितलं त्याच सांजेला मी त्यांना इचारलं. ते म्हणाले, मला काय ठाऊक न्हाई, पण आण्णांना खोटं पाडू नका. मग काय बोलणार?"

"म्हणून गेलात?"

"तुमीच जा म्हटलं की."

पिशवीतला मसुदा तसाच पिशवीत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

"इंद्रजित, एकदा घरी जाऊन बघून ये ना," वीरधवल म्हणत होता. "पाच आठवडे झाले, आण्णांचं काहीच कळत नाही."

"मी आहे," म्हटलं.