ट्रम्पेट वाजवणाऱ्यास फी माफ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, अविवाहित, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकट्या भावाने आणून पाहिला होता, पण त्याला ते लहानपणापासून जमलेले नाही. माझी प्रकृती ठणठणीत आहे आणि स्मरणशक्ती काही नातेवाइकांना नको इतकी चांगली आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र म्हणून कोणी काही दाखवल्यास ते खोटे समजावे व दाखवणाऱ्याला चहा देऊ नये.

कलम १. मी राहते त्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. माझ्या पश्चात भाऊ व वहिनी यांनी हयातभर तिथे राहावे, त्यानंतर जागा त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची व्हावी. भावाला ती विकण्याचा अधिकार नाही. मी चार दिवस बाहेर गेले असताना त्याने माझी सायकल विकली होती आणि "तशी ती पडूनच होती" असे वर सांगितले होते. आता तर मी कायमचीच बाहेर जाणार आहे.

कलम २. वहिनीने माझा कुकर नेला तो शिट्टीशिवाय परत केला. नवी शिट्टी मी माझ्या पैशाने आणली. ती शिट्टी मी वहिनीला देत आहे. कुकर भाचीने घ्यावा.

कलम ३. भाचीला पैशाच्या रूपाने काही ठेवलेले नाही, कारण तिला जे द्यायचे ते तिच्या शिक्षणात देऊन झाले आहे. ते कसे, हे इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर कलम ४ वाचून लोक माझ्या शुद्धीबद्दल शंका घेतील.

भाची दहा वर्षांची असताना टेकडीवरच्या खासगी शाळेच्या प्रवेशपरीक्षेत पहिली आली. शाळेने अभिनंदन आणि फीचा तक्ता एकाच पाकिटातून पाठवला. भावाने आधी अभिनंदन वाचले, मग तक्ता वाचला, मग पाणी मागितले. तो बेकरीची गाडी चालवत असे. त्या पगारात ती शाळा बसणे शक्य नव्हते. म्हणून शिष्यवृत्ती शोधायचे काम माझ्याकडे आले, कारण मी बसून काम करते आणि बसलेला माणूस रिकामाच असतो अशी आमच्या घराण्याची समजूत आहे.

एका ट्रस्टला खलाशांचीच मुले हवी होती. दुसऱ्याची अट होती की आईवडील दोघेही हयात नसावेत. भाऊ म्हणाला, अर्जाची शेवटची तारीख काय आहे ते तरी बघ. तिसरी शिष्यवृत्ती डावखुऱ्या मुलांसाठी होती. भाचीने गुपचूप डाव्या हाताने लिहायचा सराव सुरू केला. तो मी थांबवला. खोटे दात बनवणे हा माझा धंदा आहे, पण खोटा अर्ज माझ्या घरातून जाणार नाही, असे तिला सांगितले.

चौथा ट्रस्ट एका दिवंगत बँडमास्तरांच्या नावाचा होता. शाळेपासून पदवीपर्यंत सगळी फी मिळणार होती. अट एकच, विद्यार्थ्याने दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनी ट्रम्पेट वाजवून दाखवावे.

मुलाखतीला मी भाचीबरोबर गेले. ट्रस्टचे अध्यक्ष बँडमास्तरांच्याच हाताखाली तयार झालेले जुने वादक. त्यांची कवळी इतकी सैल होती की "शिष्यवृत्ती" हा शब्द पुरा होईपर्यंत समोरचे सगळे श्वास रोखून बसत. ट्रम्पेट येते का, असे त्यांनी विचारले. भाची म्हणाली, "नाही. तुम्ही शिकवाल का?"

त्यांनी कवळी जिभेने जागेवर ढकलली. मग म्हणाले की दात गेल्यापासून त्यांनी स्वतःच वाद्याला ओठ लावलेला नाही.

मला राहवले नाही. "तोंड उघडा बघू," मी म्हटले. सगळ्या विश्वस्तांसमोर त्यांनी ते उघडले, आणि आतले काम पाहून मला त्या कारागिराला शोधून काढावेसे वाटले.

नवी कवळी मी बनवली. दोनदा फसली, तिसऱ्यांदा बसली. त्यांनी माझ्या पुढच्या खोलीत ट्रम्पेट ओठाला लावले, एक लांब सूर काढला आणि मग बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. उपकार कसे फेडू, असे विचारल्यावर मी त्यांच्या हातात बिल ठेवले. त्यांनी ते चुकते केले आणि अट मात्र तसूभरही सैल केली नाही. दर रविवारी स्वतः माझ्याकडे येऊन भाचीला शिकवू लागले; तिचा रोजचा सरावही माझ्याच खोलीत चाले.

भाचीला सुरांचे अंग अजिबात नव्हते. खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी पहिल्या महिन्यात तक्रार केली, दुसऱ्यात विनवणी केली, पुढे कानात कापूस घालून बोलू लागले. पहिल्या स्मृतिदिनी तिने वाजवले तेव्हा बँडमास्तर हयात नाहीत हे एका अर्थी बरेच वाटले. विश्वस्त अध्यक्षांकडे पाहू लागले. ते शांतपणे म्हणाले, "वाजवावं असं लिहिलंय. चांगलं वाजवावं असं कुठे लिहिलंय?"

दोन वर्षांनी शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी स्नेहसंमेलनात फी न भरणाऱ्या मुलांना रांगेत उभे करून देणगीदारांचे आभार मानायला लावले. भाची शाळेतून थेट माझ्याकडे आली, दप्तर ठेवले आणि म्हणाली, "आत्या, मी ट्रम्पेट वाजवीन. कितीही वर्षं वाजवीन. पण मला असं उभं करणार असतील तर मी उद्यापासून जाणार नाही."

मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी कामाचा ॲप्रन घालूनच शाळेत गेले. मुलांना कृतज्ञता शिकवायला हवी, असे बाईंनी मला समजावले. मी म्हटले, अगदी बरोबर. मग ज्यांची फी बाप भरतो त्यांनाही उभे करा आणि बापाचे आभार मानायला लावा.  पुढच्या वर्षी कोणालाच उभे केले नाही.

कॉलेजची फी ट्रस्टने भरली, पण वसतिगृहाचा खर्च उरला. त्या मदतीच्या अर्जात प्रश्न होता, आयुष्यातल्या कोणत्या संकटाला तुम्ही धैर्याने तोंड दिलेत? भाचीने लिहिले, "ट्रम्पेट." मदत मिळाली. आज ती पुलांचे आराखडे तपासते. पदवी हातात पडली त्या दिवशी तिने वाद्य ट्रस्टला परत केले आणि पोस्टमास्तरांनी जिन्यात पेढे वाटले.

कलम ४. सबब, बँकेतली माझी सर्व शिल्लक एका शिष्यवृत्तीसाठी ठेवावी. दर वर्षी एका मुलाला किंवा मुलीला खासगी शाळेची वा कॉलेजची फी द्यावी. व्यवस्था भाचीने पाहावी. अर्ज एका पानाचा असावा. आईवडील हयात असल्यास चालतील. हात कोणताही चालेल. माझा फोटो लावू नये, माझ्यावर निबंध मागू नये आणि कोणत्याही मुलाला कशासाठीही उभे करू नये. फी परस्पर शाळेत भरावी व विषय संपवावा. भावाने व्यवस्थेत मदत करू नये.

कलम ५. माझी हत्यारे, साचे व पॉलिशचे यंत्र कवळ्यांचे काम शिकवणाऱ्या संस्थेला द्यावे. ज्याने अध्यक्षांची जुनी कवळी केली होती तो तिथे शिकवत नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

कलम ६. ~~खिडकीजवळची वेताची खुर्ची ट्रस्टच्या अध्यक्षांना द्यावी. भाची कॉलेजला गेल्यावरही ते रविवारी येत राहिले. शिकवायला घरात कोणी उरले नव्हते, तरी का येता असे मी विचारले नाही. एका रविवारी त्यांनीच मला लग्नाचे विचारले. मी म्हटले, तुम्ही रोज माझ्याच दातांनी हसता, आणखी काय हवे? त्यावर ते मोठ्याने हसले. कवळी हलली नाही. पुढच्या रविवारी ते वेळेवर आले.~~

कलम ६ खोडल्याबद्दल खुलासा: आज सह्यांसाठी सगळे जमल्यावर वकील म्हणाले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, दुसरा कोणी बोलवा. अध्यक्षांनी विचारले, साक्षीदाराची सही कुठे येते? वकिलांनी माझ्या सहीच्या खालची जागा दाखवली.

"मग खुर्ची राहू द्या," अध्यक्ष म्हणाले.

मी सांगितले, विचार करा, खुर्ची चांगली आहे.

"तुम्ही समोर असता म्हणून ती चांगली आहे. एका कागदावर दोघांची नावं येतायत, तेवढं मला द्या."

कलम त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने खोडले. मजकूर वाचता येतो, तो तसाच राहू द्यावा.

ठिकाण: माझी पुढची खोली. दिनांक: पाच मार्च, रविवार.

लिहून देणार: सही (वाचता येते)

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, निवृत्त. कापूस काढून मजकूर ऐकला व सही केली.

साक्षीदार दुसरे: बँडमास्तर ट्रस्टचे अध्यक्ष. यांची सही नेमलेल्या रेघेवर न येता वर सरकून माझ्या सहीला चिकटली आहे. वकील म्हणाले, कागद बदलून पुन्हा करू. मी नको म्हटले.