तीन मिनिटं झाली

५ फेब्रुवारी १९७४
कोर्टाचं समन्स — मला! आईनं तर कागदाला हातच लावला न्हाई. एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडते मी, दुसरं काय करते?

७ फेब्रुवारी
वकिलाच्या कारकुनाकडून सगळं कळलं. बेबीनंदाबाई म्हणून शिक्षिका आहेत, त्यांचा अंबडच्या कोर्टात दावा चालू आहे. शाळेच्या संस्थाचालक अण्णासाहेबांनी धमकावून राजीनामा घेतला म्हणे. धमकी आमच्या जालन्याहून ट्रंक कॉलवर, अंबडला बाईंच्या भावाच्या दुकानात. आधी दोनदा असंच झाल्तं, म्हणून भाऊ साहेबराव टेपरेकॉर्डर घेऊनच बसला होता. सगळं भरून घेतलं त्यानं!

अण्णासाहेबांचा वकील म्हणतो, न विचारता भरलेला फोन कोर्टात चालत न्हाई, अन् टेप बनावट आहे. पण टेपमध्ये मधेच एक बाई बोलते — तीन मिनिटं झाली.
ती बाई मी.

८ फेब्रुवारी
सुपरवायझर रामरावांना विचारलं. म्हणाले, “आवाज माझा म्हणालीस, की ते विचारतील काय ऐकलं. लाईनीवरचं बाहेर सांगितलं की नोकरी गेली समज.” माझ्या पगारावर दोघींचं चालतं.

अन् ऐकलंय मी. वेळ सांगायला लाईनीवर आले, तेव्हाच अण्णासाहेब म्हणत होते, राजीनामा दे, न्हाई तर गावात तोंड दाखवू देणार न्हाई. मी तीन मिनिटं झाली म्हणाले अन् दुसरा फोन जोडायला घेतला. साहेबरावनं चोरून भरलं तो गुन्हा, मंग मी ऐकून गप्प बसले ते काय?

११ फेब्रुवारी
ताट तसंच आईकडं सरकवलं.

१३ फेब्रुवारी
अंबडला गेल्ते. कोर्टात टेप लावली. खरखर, अण्णासाहेब, मंग मी. किती कोरडी बोलते मी! न्यायाधीशांनी विचारलं, हा आवाज तुमचा का. बेबीनंदाबाई माझ्याकडंच बघत होत्या.
शपथ घेऊन न्हाई म्हणाले.
एसटीत रडू आवरेना. भित्री मेली! स्वतःचीच लाज वाटून राह्यली.

१८ फेब्रुवारी
दुपारी पोस्टातून एका बाईनं अंबडचा नंबर मागितला. जोडून दिला. वेळ संपली तसं सवयीनं बोलले — तीन मिनिटं झाली.
मंग बाई हळूच म्हणाली, “दादा, ऐकलंस? हाच आवाज.”
बेबीनंदाबाई! माझ्या तोंडून निघून गेलं — हो, माझाच.
साहेबराव म्हणाला, “ताई, टेपचं मशीन चालू करून राह्यलो. चालेल ना?”
म्हणाले, “करा.”
रामराव शेजारीच उभे होते.