पत्र्याला लावलेला कान

११ मार्च
तीन नंबरची टाकी अडली! खालचं दार सताड उघडं, पण गव्हाचा दाणा बाहेर पडेल तर शपथ. आत चाळीस टन.

लाकडी हातोडीने पत्रा ठोकला, कान लावला. खाली पुरुषभर पोकळ, वर भरीव. म्हणजे एवढा गहू अधांतरी! कशावर उभा आहे हा?

मुकादमाने वर जाऊन पहार गव्हात रोवूनसुद्धा ठेवली. "मालक, सकाळी वरनं उतरतो. चार घाव घातले की मोकळं." तीस वर्षं हेच करतोय. बरं म्हणालो. माझे वडील, अण्णा, असेच कोठारात उतरले आणि गेले. पण ते प्यायलेले होते. मुकादम चहालासुद्धा नको म्हणणारा.

११ मार्च, संध्याकाळ
लेकीला सांगितलं. कॉलेजात शिकवते ती. उठली. एक नळी फळीला बांधून लटकवली, खाली वजनकाटा. नळी काट्याला टेकत नव्हती, फट दाण्याहून बारीक. "यात गहू ओता, बाबा."

ओतला. शंभर ग्रॅम. दीडशे. मग काटा हलेचना! किलोभर गहू ओतला तरी दीडशेच!

"बाकीचं गेलं कुठे गं?"

"भिंतीत. वजन सरळ खाली उतरत नाही, बाबा. दाण्यावरून दाण्यावर, वाकड्या वाटेने भिंतीला जातं. तेही थोडेच दाणे उचलतात, बाकीचे त्यांच्या आडोशाला निवांत."

"म्हणजे आपलं खानदानच की!"

हसली नाही. "त्या थोड्यांतला एक सरकला, की वरचा माणूससुद्धा खाली."

जन्म गव्हात गेला. पोती वाहिली, शिवली, मग टाक्या बांधल्या. आणि आज स्वयंपाकघरात तोंड उघडं टाकून उभा! मुठीत गहू घेऊन किती वेळ बघत होतो. यातला कोण उचलणारा, कोण नुसता बसलेला—तोंडावरून ओळखू येत नाही.

१२ मार्च
मुकादमाला शिडीवरून परत बोलावलं. चिडला. "म्हातारा झालो काय मी?" म्हटलं, "नाही. म्हातारा व्हावास म्हणून." फुगून बसला.

पत्र्याला कान लावून उभा राहिलो. आत टिक्. मग टिक् टिक्. ओझं हात बदलत होतं! एवढं मोठं काम, आणि आवाज बोटं मोडल्याएवढा. अंगावर काटा आला.

सगळ्यांना लांब पिटाळलं. अकराच्या सुमाराला धडाड्!

वर चढून पाहिलं. मधोमध विहीर. पहार नाही. गिळली. मुकादम शिडीवरच बसला. "मालक, पाणी द्या."

१३ मार्च
अण्णा गेले त्या दिवशीही खालचं दार उघडं होतं. मी अकरा वर्षांचा, पोत्याचं तोंड धरून खाली उभा होतो. गहू येत नव्हता. मग एकदम आला.

अण्णा पडले नाहीत. पायाखालचं गेलं.

"प्यायला होता, तोल गेला," कोठाराचे धनी म्हणाले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला कामावर ठेवलं. देवमाणूस वाटले.

१४ मार्च
आईला सगळं सांगितलं. ती गहूच निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "मी त्यांचं तोंड हुंगलं होतं रे. दारूचा वास नव्हता. तेव्हाच सांगितलं तुला, दोनदा. तू म्हणालास, धनी कशाला खोटं बोलतील?"

मला हे आठवतच नाही.