पापणीची ऊब

मंगळवार, १२ जानेवारी १९९९. संध्याकाळ.

देवळीच्या शोभाबाई उबवणीच्या पेटीतलं अंडं मिटलेल्या पापणीला लावून ऊब बघतात. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, "भाऊ, अंडे थंडे लागून राह्यले." मी हसलो. ऊब वाढेल तशी हीटरची वीज आपोआप हळूहळू कमी करणारं सर्किट माझं, आणि काटा बरोबर साडेसदतीस अंशांवर. पापणीचं काय ऐकायचं?

आज अंडी ठेवून एकवीस दिवस झाले. एकही पिल्लू निघालं नाही. पेटी खोलली, तर सेन्सर हीटरच्या तारेला चिकटून. मीच बसवलेला. सगळी ऊब त्यालाच कळत होती, अंडी गारच. हसलो काऊन मी?

शोभाबाई रागावल्या नाहीत. एक अंडं माझ्या हातात दिलं. "आता तुमी लावून पाहा."

लावलं. मग त्यांच्यासमोर डोळा उघडवेना.