विझवलेला इशारा

वहिनी,

तुम्ही फोन घरीच विसरून गेलात, म्हणून ही चिठ्ठी ठेवतो. दादाचा फोन आला, तर गाडी आहे तिथेच सोडायला सांगा. त्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या एअरबॅगचा दिवा पेटत होता. कंपनीने मेकॅनिकांसाठी काढलेलं सर्व्हिस बुलेटिन वाचून दादाने वायरिंगचा किरकोळ दोष मानला आणि दिवाच बंद करवला. ती शांतता दबा धरून बसली होती. कंपनीने नंतर काढलेला रिकॉल, म्हणजे सदोष एअरबॅगच्या गाड्या परत मागवणारी नोटीस, मी आज पाहिला. आपला चासी नंबर त्यात आहे. साध्या धडकेतही स्टिअरिंगमधून धातूचे तुकडे चेहऱ्यावर उडू शकतात.

“कवींनी बॉनेट उघडू नये,” म्हणेल तो मला. म्हणू द्या.

त्याचा फोन लागत नाही. त्याला गाठायला मी मोटरसायकलने वणीकडे निघालो आहे.

तुम्हाला सांगू नको म्हणाला होता. पण घाट उतरताना गाडी तुमची तेजू चालवणार आहे.

अमोल