वेलदोड्याचं तेल आणि माझी मान

तीर्थरूप वन्संना, गुडघे जितकं वाकू देतील तितकं वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? (खरं सांगा. ‘ठीक’ हा शब्द तुम्ही बहीणभाऊ कशालाही वापरता. ह्यांनी तर शेवटच्या आठवड्यातही तोच वापरला.) ‘एकटी कशाला कुढतेस, माझ्याकडेच ये राहायला,’ असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी ‘माझं मस्त चाललंय’ म्हणून फोन ठेवला. ते कसं मस्त चाललंय, हे सविस्तर कळवते.

केस गळतात म्हणून वेलदोड्याच्या बियांचं तेल आणलं. केसांना दाटपणा, चेहऱ्याला तेज, मनाला उभारी, सगळं एका करंगळीएवढ्या बाटलीत. नवरा बघतानाही मी एवढ्या अपेक्षा ठेवल्या नव्हत्या. दोनच थेंब साध्या तेलात मिसळून लावायचे असतात म्हणे. मी अख्खी बाटली डोक्यावर उपडी केली आणि तेलाचा हात गालांवरून फिरवला. (घरात कोणी असतं तर ‘अगं, काय करतेस!’ म्हणून ओरडलं असतं. भिंती फार सोशिक.) डोकं आधी गार पडलं, मग पेटलं. किती धुतलं तरी वास जाईना. समोरच्या बाईंनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बेल वाजवली. “पाहुणे आलेत वाटतं? गोडाचा वास येतोय!” माझ्या खांद्यावरून आत डोकावत राहिल्या. वास डोक्याचा आहे, हे काही मला सांगवेना.

बाटलीसोबतच्या कागदावर सूचना होती: मानेमागे पुरळ आलंय का, ते घरातल्या कोणाकडून बघून घ्या. घरातल्या कोणाकडून! दोन आरसे घेऊन कसरत केली, तर दिसला फक्त पंखा. तेवढ्यात विजेचं मीटर बघायला माणूस आला. त्याच्यापुढेच मान केली. बिचाऱ्याने बॅटरी मारली आणि आकडा वाचावा तशा गंभीरपणे म्हणाला, “लाल आहे मावशी, पण फार नाही. घरात कोणी नाही का?” मी म्हटलं, “आहेत की, बाहेर गेलेत.” चहाचं विचारलं, पण त्याला अजून वरचे मजले करायचे होते.

तर असं मस्त. काळजी नसावी.

तुमची भावजय

ता. क. पुरळ बसलं. तेव्हा मी तुमच्याकडे यायचं काही कारण उरलेलं नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं का? सहज विचारते. बॅग भरून दाराशी ठेवली आहे, तीही सहजच.